नानांच्या खांद्यावरचा थेंब

दादर, मुंबई
१४ जुलै

प्रिय सुधीर,
स. न. वि. वि.

तीन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितो आहे ते एका कबुलीसाठी: तू काढलेले नानांचे चित्र माझ्या हातून भिजले.

पाण्यात विरघळणाऱ्या रंगीत पेन्सिलींचा चोवीसचा डबा मी गेल्या महिन्यात घेतला. (होय, मीच. हसून घे.) पावसामुळे बाहेर बसण्याची सोय नाही, म्हणून खिडकीशी बसून प्रत्येक रंगाचा चौकोन भरायचा आणि त्याच्या अर्ध्याच भागावर ओला ब्रश फिरवायचा, असे चालले होते. ३०० ग्रॅमच्या जाड, खरबरीत कागदावर हलक्या हाताने ओढलेल्या रेघा पाण्यात पार विरतात, दाबून काढलेल्या मात्र रंग सोडूनही तळाशी टिकून राहतात. कोरडा असताना मळकट वाटणारा जांभळा पाणी लागताच असा उसळतो की शेजारच्या पिवळ्याची धडगत राहत नाही; त्यामुळे फिकटाकडून गडदाकडे जाण्याची शिस्त पाळावी लागते. साध्या ड्रॉइंगच्या कागदाचा तर पापड होतो, आणि या दमट हवेत तो वाळता वाळत नाही.

तुझ्या रेघेशी ताडून पाहावे म्हणून ते चित्र शेजारी ठेवले होते. पोटात पाणी भरलेला तो नवा ब्रश मी अंमळ जास्त दाबला आणि थेंब थेट नानांच्या खांद्यावर पडला. मेणाच्या साध्या रंगीत पेन्सिलीवर काही बिघडले नसते, मी टिपून घेतले असते. इथे सदऱ्याची सावली निळी होऊन वाहू लागली. चष्म्याची काडी तू दाबून काढली होतीस, तेवढी ती जागेवर राहिली.

म्हणजे तूही याच पेन्सिली वापरत होतास! 'जलरंगाला घाबरणाऱ्यांचे खेळणे' असे म्हणून हॉर्निमन सर्कलच्या बागेत चारचौघांत माझी फजिती करणारा तू! जिनिव्हाच्या कारान दाश कंपनीने अशा पेन्सिली १९३१ मध्येच 'प्रिस्मालो' या नावाने आणल्या, असे मी सांगितले, तर "मग एवढ्या वर्षांत शहाणी माणसे त्यांच्यापासून दूर राहायला शिकली असतील" हे तुझे उत्तर. त्या दिवशीचा चहाही मीच पाजला होता.

आता प्रश्न उरलेल्या चित्राचा. खांदा ओला, चेहरा कोरडा, आणि मधली कड डोळ्यांत खुपते. यातील बहुतेक पेन्सिलींचा रंग वाळल्यावरही पाण्याने पुन्हा सुटतो, तेव्हा डाग ओल्या ब्रशने उचलता येईल. पण शाईसारख्या रंगाच्या असतील, तर वाळला की तो पक्का. कोपऱ्यात तपासून पाहावे, तर तिथे त्याच निळ्यात तुझी सही आहे. चेहऱ्यावरही पाणी फिरवून सारे एकजीव करण्याचा मोह होतो, पण तू ते कोरडे ठेवलेस ते मुद्दाम, की पाणी द्यायचे राहून गेले? नानांसमोर बसून तुला ब्रश काढण्याचा धीर झाला नाही, असे तर नव्हे ना?

वहिनींचा गुडघा आता बरा असेल. चिरंजीवांची बदली नाशिकलाच झाली ना? माझी साखर आटोक्यात आहे.

तुझे उत्तर येईपर्यंत चित्र दोन टिपकागदांमध्ये, शब्दकोशाखाली ठेवले आहे.

तुझा,
विनायक