तबेल्यासोबत विकल्या जाणाऱ्या घरांची नोंद कुठे आहे?

महोदय,

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन परिसरातील जुन्या वाड्या विकाऊ असल्याच्या जाहिराती हल्ली वरचेवर दिसतात. मार्च 2020 मध्ये मांडव्याची रो-रो (गाड्या वाहून नेणारी) बोटसेवा आणि जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून मुंबईहून येणे सोपे झाले, आणि ‘ऐतिहासिक तबेला, चार-पाच घरे, विहीर, बागायत, भाड्याचे हमखास उत्पन्न’ अशा मजकुराला गिऱ्हाईकही मिळू लागले. ज्या किनाऱ्यावर चौल आणि दाभोळ बंदरांत मध्ययुगात अरबी घोडे उतरत, तिथे चिऱ्याच्या भिंतीत घोडा बांधायची लोखंडी कडी अजून शाबूत असलेली वास्तू कुणी विकत घेऊन जपणार असेल, तर त्याचे स्वागतच आहे.

माझा आक्षेप त्या ‘चार-पाच घरां’च्या हिशेबाला आहे. मालकाचे कौलारू घर वगळले, तर उरलेली घरे बहुधा मोतद्दाराची (घोड्यांची निगा राखणाऱ्याची), वाडीच्या राखणदाराची किंवा कुळाची असतात आणि त्यांतल्या काहींत दोन-तीन पिढ्यांचा संसार झालेला असतो. ओटीवर सुपाऱ्या वाळत आहेत, परसात चूल पेटलेली आहे, आणि जाहिरातीत मात्र तेच घर पर्यटकांना भाड्याने देण्याजोगे म्हणून मोजलेले असते. 1948 च्या कूळकायद्याने कुळाच्या राहत्या घराला संरक्षण दिले आहे. चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून सहा वर्षे संप करून खोतांपुढे कुळांचा हक्क मांडला. त्याच अलिबाग तालुक्यात कुळाचे घर उत्पन्नाचे साधन म्हणून विकायला निघावे, हे मनाला लागते.

म्हणून खरेदीदाराने सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ आणि जुने फेरफार वाचावेत, ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये एकेका घराची आकारणी कोणाच्या नावे आहे ते पाहावे आणि तिथे राहणाऱ्यांशी स्वतः बोलावे. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय घेता येत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु समुद्रालगतच्या ना-विकास क्षेत्रात फक्त अधिकृत जुने घरच मूळ जोत्याच्या मर्यादेत पुन्हा बांधता येते, हे अनेकांना व्यवहार झाल्यावर कळते. ज्या घराची नोंदच नाही, ते पावसात खचले की संपले.

उत्पन्नाचेही तसेच आहे. साधारण 400 किलोच्या घोड्याला रोज सुमारे 8 किलो सुका चारा लागतो. आपल्याकडे पावसाळ्यात वैरणीला बुरशी धरते, त्यातून पोटशूळ होतो आणि सततच्या ओलीने खूर कुजतात. नेमक्या त्याच चार महिन्यांत पर्यटकही रोडावतात, पण मोतद्दाराचा पगार थांबत नाही. बागायतीच्या भरवशावर राहावे, तर 3 जून 2020 च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने आडवी केलेली पोफळ नव्याने लावून फळ धरायला पाच ते सात वर्षे जातात.

अशा मिळकतीच्या खरेदीखतासोबत प्रत्येक घराचा आकारणी उतारा आणि तिथे राहणाऱ्यांचा लेखी जबाब जोडणे शासनाने बंधनकारक करावे, आणि आपल्या दैनिकानेही या जाहिराती सर्व्हे नंबराशिवाय छापू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, रेवदंडा (ता. अलिबाग)