ऑलिव्हच्या चोथ्याबद्दलही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑलिव्ह तेलाच्या वाढत्या किमतींवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. माहिती चांगली होती, पण तेल निघाल्यावर जे उरते त्याबद्दल एक ओळही नाही, याची चुटपुट लागली. शंभर किलो फळांतून जेमतेम वीस किलो तेल निघते. बाकीच्याचे काय?

माझे आयुष्य तेलाच्या धंद्यात गेले, त्यामुळे माझी नजर आधी पेंडीकडे जाते. आपली शेंगदाण्याची पेंड कोरडी असते, जनावरे आवडीने खातात आणि तिचे पैसेही येतात. ऑलिव्हचे तसे नाही. स्पेनमध्ये १९९० च्या दशकात कमी पाण्यावर चालणारी नवी यंत्रे आली. त्याआधी गिरण्यांचे काळे, कडू पाणी ग्वादलकिवीर नदीच्या खोऱ्याची नासाडी करत होते. नव्या यंत्रांमुळे ते पाणी जवळजवळ थांबले, पण चोथा ओला झाला. साल, गर आणि कोयीचा चुरा मिळून झालेला हा काळपट-जांभळा लगदा वजनाने निम्म्याहून जास्त पाणीच असतो. त्याचा ढीग लागत नाही, तो पसरतो. त्यातल्या कडू द्रव्यांमुळे तो कच्चाच शेतात टाकला तर रोपे जळतात.

तरीही स्पेनच्याच हाएन प्रांतात या चोथ्याचे काय काय होते पाहा. आधी त्यातून कोयीचे तुकडे वेगळे काढतात. ते वाळवले की उत्तम जळण होते. तिकडची घरे, शाळा आणि खुद्द तेलगिरण्यांचे बॉयलर त्यावर तापतात. पॅलेस्टाईनमधल्या नाबलुस शहरातल्या साबण कारखान्यांतही कढईखाली पिढ्यान्‌पिढ्या हेच जळण होते. उरलेला लगदा वाळवून, द्रावक वापरून त्यातले शेवटचे दोन-तीन टक्के तेल काढतात. ते शुद्ध करून त्यात थोडे चांगले ऑलिव्ह तेल मिसळतात. आपल्याकडच्या दुकानांत ‘पोमेस’ लिहिलेल्या बाटल्या असतात ना, ते हेच तेल. ते खाण्यायोग्य आहे, पण पहिल्या धारेच्या तेलाचे गुण त्यात शोधू नयेत. २००१ मध्ये या तेलात बेंझोपायरीन हा घातक घटक सापडला आणि स्पेनला ते बाजारातून मागे घ्यावे लागले. चोथा फार तापवून वाळवल्याचा तो परिणाम होता. त्यानंतर नियम कडक झाले. टाकाऊतून खाण्याचा पदार्थ करताना तपासणीत कसूर चालत नाही, हे तेव्हा दिसले.

तेल काढल्यावर राहिलेला कोरडा भुसा वीजकेंद्रांत जाळतात. इथे मात्र माझे मत वेगळे आहे. या चोथ्यात पोटॅश भरपूर असते आणि सेंद्रिय द्रव्य तर विचारूच नका. ऑलिव्हच्या बागा उतारावर असतात, पावसाने तिथली माती वाहून जाते. त्या मातीला हे परत मिळायला हवे. तिकडच्या काही गिरण्या तसे करतातही: ओल्या चोथ्यात ऑलिव्हचा पाला आणि मेंढ्यांचे लेंडीखत मिसळून लांब वाफे घालतात आणि कित्येक महिने ते उलथत राहतात. आत उष्णता धरते, कडू द्रव्ये विघटित होतात आणि शेवटी मातीचा वास असलेले भुसभुशीत खत हाती येते. कोय जाळा, पण गर आणि साल जमिनीला द्या, असे मला कळकळीने वाटते.

हा विषय आपल्या देशालाही परका नाही. राजस्थानात बिकानेर जिल्ह्यातल्या लूणकरणसरला २०१४ मध्ये ऑलिव्ह तेलाचा कारखाना सुरू झाला. त्या भागातल्या वाळूत सेंद्रिय द्रव्य मुळातच कमी. तिथल्या चोथ्याचे खत होऊन ते त्याच बागांना मिळते का, हे आपल्या प्रतिनिधीने जाऊन पाहावे आणि पुढच्या एखाद्या पुरवणीत सविस्तर छापावे, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त तेल व्यावसायिक, लातूर