कॉम्प्युटरचा कूलर बसवताना तळाची प्लास्टिक फिल्म तशीच ठेवल्याबद्दल आणि नंतर वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

दि. 9 जून 2025
कोल्हापूर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : 28 एप्रिल रोजी घरी येऊन बसवून दिलेल्या प्रोसेसर कूलरबाबत

महोदय,

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. माझ्या कॉम्प्युटरमध्ये रायझन 5 3600 प्रोसेसर, म्हणजे मुख्य चिप, आहे आणि त्यावर पाच वर्षे ती थंड ठेवणारा कंपनीचा मूळ, बुटका कूलर होता. एक्सपोर्ट, म्हणजे एडिट झालेल्या व्हिडिओची फाइल बनवायला, लावला की तापमान 86 अंशांवर जायचे आणि पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडायचा. म्हणून तुमच्याकडून 2,350 रुपयांचा टॉवर कूलर घेतला आणि घरी येऊन बसवून देण्याचे 499 रुपये वेगळे भरले. हे काम मला स्वतःला जमले नसते असे नाही. पण लग्नसराईत हात थरथरला तर धंदा बसेल, म्हणून जाणकाराकडून करून घेतलेले बरे, असा विचार केला.

तुमचा माणूस आला तो घाईत होता. त्या दिवशीचा नववा कॉल, असे त्यानेच सांगितले. कॉम्प्युटर सकाळपासून बंद होता, म्हणजे प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली, उष्णता पुढे नेणारी जुनी पेस्ट गार पडून सिमेंटसारखी धरलेली. थोडा वेळ मशीन चालवून पेस्ट मऊ करायची, मग कूलर डावी-उजवीकडे हलवत सोडवायचा, ही साधी रीत. त्याने स्क्रू काढले आणि सरळ वर ओढला. दात उपटावा तसा अख्खा प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून, म्हणजे मदरबोर्डवरच्या त्याच्या खाचेतून, बाहेर आला. सॉकेटची दांडी मात्र लॉकच. या एएम4 जातीच्या सॉकेटमध्ये बसणाऱ्या प्रोसेसरच्या पोटाशी 1331 पिना असतात. त्यातल्या दोन वाकल्या होत्या. त्याने पाकिटातून एटीएम कार्ड काढले आणि त्याच्या कडेने त्या सरळ केल्या. मी श्वास रोखून उभा होतो. मशीन सुरू झाले, रॅम पूर्ण दिसली, म्हणून गप्प बसलो. ही माझी चूक.

खरी गोष्ट रात्री कळली. काहीही न करता प्रोसेसर 62 अंशांवर. पूर्वी 40 च्या आसपास असायचा. एक्सपोर्ट लावला तर मिनिटभराच्या आत 95, जी या प्रोसेसरची कमाल मर्यादा आहे. तिथे पोचला की तो स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. माझा 3.9 गिगाहर्ट्झवरून 2.7 वर आला. जुन्या कूलरवर पन्नास मिनिटांत होणारा व्हिडिओ नव्या कूलरवर सव्वा तास घेऊ लागला.

30 एप्रिल ते 16 मे या काळात मी तुम्हाला पाच फोन केले. पहिल्यांदा “सर, उन्हाळा आहे”. दुसऱ्यांदा “रीस्टार्ट करून बघा”. तिसऱ्यांदा खोलीत एसी लावण्याचा सल्ला मिळाला. उरलेल्या दोन वेळी “वरिष्ठांना कळवतो”. तापमानाचे स्क्रीनशॉट मेल केले, त्यांचे उत्तर आजवर नाही. उन्हाळा होताच, पण तो जुन्या कूलरलाही होता.

शेवटी 18 मे रोजी भाच्याला हाताशी घेऊन मीच कूलर उतरवला. दहा मिनिटे मशीन तापवले, मग बंद करून, वायर काढून, हलक्या हाताने पीळ देत सोडवला. उलटा केला आणि दोघेही काही क्षण बोललोच नाही. तांब्याच्या तळावर पारदर्शक प्लास्टिकची फिल्म जशीच्या तशी होती. तिच्यावर लाल अक्षरात, इंग्रजीत, ‘बसवण्यापूर्वी काढा’ असे छापलेले, आणि त्या अक्षरांवर राखाडी पेस्ट श्रीखंडासारखी थापलेली. पेस्ट जास्त झाली याबद्दल माझे भांडण नाही; जास्तीची कडेने बाहेर येते, पुसली की झाले. पण पेस्ट असते ती दोन धातूंमधल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या फटी भरायला, कारण त्या फटींतली हवा उष्णता जवळजवळ जाऊच देत नाही. मध्ये प्लास्टिक ठेवल्यावर वर कितीही भारी पेस्ट लावा, उष्णता अडलीच.

फिल्म काढली. दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, मध्यभागी मटाराच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवली आणि चारही स्क्रू तिरपे-तिरपे, थोडे थोडे करत आवळले. तोच कूलर, तीच खोली, तोच मे महिना, आणि एक्सपोर्टमध्ये तापमान 71. तुमचा माल चांगला आहे, हे मी आनंदाने लिहून देतो.

त्याच दिवशी फिल्मचा फोटो तुम्हाला पाठवला. वाटले, आता तरी कोणी ‘चुकले’ म्हणेल. 2 जूनला उत्तर आले ते असे, की ग्राहकाने कूलर स्वतः उघडल्यामुळे त्याची वॉरंटी संपुष्टात आली आहे.

हे वाक्य मी तीनदा वाचले. मी उघडला नसता तर फिल्म कधीच सापडली नसती आणि तुम्ही मला दिवाळीपर्यंत उन्हाळाच सांगत बसला असता. उघडल्यास वॉरंटी जाते असे बिलावर नाही, डब्यातल्या पुस्तिकेतही नाही. उलट ग्राहकाने कूलर कसा बसवावा याची चित्रे त्याच पुस्तिकेत आहेत, आणि तिसरे चित्र फिल्म सोलण्याचे आहे.

मला पुढील गोष्टी हव्यात. बसवण्याचे 499 रुपये परत. कूलरची वॉरंटी मूळ मुदतीपर्यंत चालू असल्याचे लेखी पत्र. आणि वाकलेल्या पिनांमुळे बिलाच्या तारखेपासून वर्षभरात प्रोसेसर किंवा मदरबोर्ड बिघडला तर जबाबदारी तुमची, हेही त्याच पत्रात. उशीर झाल्यामुळे सांगलीच्या एका पार्टीने हातचे काम काढून घेतले, त्याची भरपाई मी मागत नाही. ती मोजायची कशी, मलाच कळत नाही. आणि कृपा करून त्या मुलाचा पगार कापू नका. दिवसाला नऊ घरे दिल्यावर दहावी चूक कुणाच्याही हातून होईल.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही, त्यामुळे 499 रुपयांसाठी कोण जाईल, असा हिशेब कृपया करू नका.

फिल्म मी पेस्टसकट एका प्लास्टिकच्या डबीत ठेवली आहे. तपासायला माणूस पाठवलात तर दाखवीन. मात्र ती डबी बाहेर नेऊ देणार नाही.

आपला,
(सही)

सोबत : बिलाची प्रत, फिल्मचे चार फोटो, 28 एप्रिल आणि 18 मे रोजीचे तापमानाचे स्क्रीनशॉट, 2 जूनच्या मेलची प्रत