खयामिया घेताना कापड उलटून पाहा

महोदय,

इजिप्तवरच्या मराठी लेखांत पिरॅमिड, वाळू आणि नाईल यांपलीकडे फारसे काही येत नाही. रंगाचा विषय निघालाच, तर थडग्यांतल्या भित्तिचित्रांवर संपतो. कैरोच्या रोजच्या जगण्यात रंग शोधायचा तर कापडाकडे पाहावे. विटांच्या बिनप्लास्टरच्या इमारतींवर, त्यांच्या गच्चीतून वर आलेल्या सळयांवर खमसीन या वाळवंटी वाऱ्याने धुळीचा एकच मातकट थर बसतो. गल्लीत लग्न किंवा मयत असली की लाल, निळ्या, पांढऱ्या नक्षीचा तंबू उभा राहतो आणि रस्ता ओळखू येत नाही. रमजानात तीच नक्षी बाल्कन्यांवर आणि टेबलांवर दिसते. जाड कापडावर रंगीत तुकडे शिवून केलेले हे नक्षीकाम म्हणजे खयामिया.

सहलीचे लोक ते खान अल-खलिली या जुन्या बाजारात घेतात. तिथून मुइझ रस्त्याने दक्षिणेला, 1092 साली बांधलेल्या बाब झुवेला वेशीतून बाहेर पडले की पंधरा-वीस मिनिटांत खयामिया कारागिरांची, वर छत असलेली गल्ली लागते. शुक्रवारी सकाळी जाऊ नये, बरेच गाळे बंद असतात.

गाळ्यांत मांडी घालून शिवणारे बहुधा पुरुषच. कागदाची घडी घालून नक्षीचा एकच भाग काढतात, सुईने टोचतात आणि घडी उलगडतात. पूर्ण आकृती तयार. कागद जाड कॅनव्हासवर ठेवून छिद्रांतून कोळशाची पूड फिरवायची, गडद कापड असेल तर पांढरी. मग सुती तुकडा आकारापेक्षा थोडा मोठा कापून, कडा सुईच्या टोकानेच आत दुमडत बारीक टाके घालत जायचे. कसब आहे ते या दुमडण्यात. वळणावर दुमड कमी पडली की धागे सुटतात, जास्त झाली की फुगवटा येतो. तुकडा ताणून शिवला तर सगळे कापड आक्रसते. उशीच्या अभ्र्याला एक-दोन दिवस लागतात, भिंतीवरच्या मोठ्या तुकड्याला कित्येक आठवडे.

रमजानात मीटरवर मिळते ते छापील कापड. स्वस्त आहे, सजावटीला झकास आहे, त्यात गैर काही नाही. तेच हातशिलाईच्या भावात गळ्यात मारले जाते, तक्रार आहे ती याबद्दल. म्हणून उलटून पाहा: पाठीवर लहान, किंचित कमीजास्त टाके दिसले तर हातकाम. कडेने एकसारखी नागमोडी शिलाई असेल तर मशीन. पाठ कोरी आणि पुढून बोट फिरवल्यावर उंचवटा लागत नसेल, तर छपाई.

पैसे देण्याआधी रुमालाचा पांढरा कोपरा ओला करून लाल तुकड्यावर घासा. रंग उतरला तर ते कापड पाण्यात घालण्याच्या लायकीचे नाही, शेजारचा पांढरा गुलाबी होईल. आणताना घडी नको, गुंडाळी करा. घरी थेट उन्हात लावू नका आणि वॉशिंग मशीनपासून लांब ठेवा.

– एक मराठी वाचक, कैरो