दुर्मिळ कर्करोगाच्या रुग्णांनी एकमेकांना भेटायचे कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कर्करोग तपासणी शिबिरांच्या बातम्या आपल्या दैनिकात नेहमी येतात. स्तन, तोंड आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांविषयी गोव्यात आता उघडपणे बोलले जाते, हे चांगलेच आहे. ज्यांचा आजार या शिबिरांच्या यादीतच बसत नाही, अशा रुग्णांची एक अडचण मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या जठराच्या भिंतीत गाठ आढळली. कागदावर तिचे नाव जीआयएसटी (गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर, म्हणजे पचनमार्गाच्या भिंतीत होणारा एक दुर्मिळ कर्करोग), बोलताना नुसते ‘जिस्ट’. पोटाचा नेहमीचा कर्करोग तो हा नव्हे. नेहमीच्या केमोथेरपीला तो सहसा दाद देत नाही आणि शस्त्रक्रियेनंतर मला इमॅटिनिब ही गोळी रोज घ्यावी लागते. हा आजार दर दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण दहा ते पंधरा जणांना होतो. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती. म्हणजे आपल्याकडे वर्षाकाठी नवे रुग्ण फार तर पंधरा-वीस, आणि तेही पेडण्यापासून काणकोणपर्यंत बारा तालुक्यांत विखुरलेले. शेजारीपाजारी, नात्यागोत्यात ‘हे मलाही झाले होते’ म्हणणारा माणूस भेटणे जवळजवळ अशक्यच.

मला तो भेटला मुंबईत. दुसरे मत घ्यायला मी रात्रीच्या कोकणकन्येने परळच्या टाटा रुग्णालयात गेलो होतो. (त्या रुग्णालयासमोरच्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जिस या गोमंतकीय शल्यविशारदाचे नाव आहे, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे कोण जाणे.) बाकावर शेजारी बसलेल्या गृहस्थांच्या हातात माझ्यासारखीच फाईल होती. गाव विचारले तर वाळपई. मी डिचोलीचा. वीस-पंचवीस किलोमीटरवर राहणारे आम्ही दोघे एकाच रोगाचे रुग्ण, आणि आमची ओळख व्हायला मुंबई गाठावी लागली.

त्या अर्ध्या तासात त्यांनी मला जे सांगितले, ते कोणत्याही रिपोर्टात लिहिलेले नव्हते. गोळी रिकाम्या पोटी घेतली की मळमळते, म्हणून ते दुपारच्या शीत-हुमणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घेतात आणि घेतल्याची खूण खिशातल्या डायरीत करतात. सकाळी डोळ्यांखाली सूज येते आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, ते या गोळीमुळे, रोग वाढल्यामुळे नव्हे. मी मात्र महिनाभर ती सूज आरशात पाहून मनातल्या मनात घाबरत होतो. ‘रात्रभर रडलात का?’ असे शेजारच्या काकूंनी विचारले, तेव्हा खरे काय ते सांगता आले नव्हते. पुढे चतुर्थीला माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळांतले, पपनस सोलायला घेतले, तेव्हा याच गृहस्थांनी फोनवर थांबवले आणि आधी डॉक्टरांना विचारायला लावले. पपनसासारखी ग्रेपफ्रूटच्या जातीची फळे या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढवू शकतात, म्हणून ती टाळलेलीच बरी, असे डॉक्टरांनी सांगितले. दिवसाला शंभर रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरने माटोळीपर्यंतचा विचार आपण होऊन करावा, ही अपेक्षा मी करणार नाही. ते काम अनुभवी रुग्णाचेच आहे.

देशात असे गट आहेत. ‘फ्रेंड्स ऑफ मॅक्स’ हा गट जिस्टच्या आणि रक्ताच्या सीएमएल या कर्करोगाच्या रुग्णांना एकत्र आणतो. रोग दोन, पण गोळी बहुधा हीच, त्यामुळे गोळीविषयीच्या शंकाही सारख्याच. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या पेटंटचा दावा फेटाळल्यामुळे त्याचे स्वस्त पर्याय देशात मिळत राहिले, हे आम्ही रुग्ण कृतज्ञतेने आठवतो. औषध हाती आले, तरी ते वर्षानुवर्षे न चुकता घेण्यासाठी लागणारा धीर दुकानात मिळत नाही.

गोव्यासारख्या लहान राज्यात एकट्या जिस्टचा गट उभा राहणे कठीण आहे, हे मान्य. म्हणून सार्कोमा (हाडे, स्नायू अशा ऊतींचे कर्करोग), न्यूरोएंडोक्राइन गाठी (संप्रेरके तयार करणाऱ्या पेशींच्या गाठी), सीएमएल आणि जिस्ट अशा सर्वांचा एकच गट करावा. या रुग्णांची माहिती एकत्र असते ती फक्त इस्पितळात. तेव्हा बांबोळीच्या गोमेकॉने (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळाने) दोन महिन्यांतून एकदा एखाद्या शनिवारी दुपारी एक खोली द्यावी, वैद्यकीय समाजसेवकाला तेथे बसवावे, आणि नव्या रुग्णाला ‘आपला नंबर जुन्या रुग्णाला दिला तर चालेल का?’ एवढे विचारून त्याची लेखी संमती घ्यावी. याला फारसा खर्च नाही. बैठकीची भाषा कोकणी-मराठी, जशी आपण बोलतो तशीच असावी.

रुग्ण एकत्र आले की एकमेकांना घाबरवतात, काढे आणि मुळ्या सुचवतात, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. मलाही व्हॉट्सॲपवर तीन काढे आले आहेत. पण तिथे ‘हे घेऊ नका’ म्हणणारे कोणी नसते. बैठकीत जाणता माणूस बसलेला असेल. डोस कमी-जास्त करण्याची चर्चा तेथे व्हायची नाही, हा नियम पहिल्याच दिवशी घालावा. गटातला एखादा दगावला की बाकीचे खचतील, ही भीती मात्र मला खरी वाटते, आणि म्हणूनच समुपदेशकाशिवाय हा गट चालवू नये असे माझे मत आहे.

माझे नाव छापू नये, ही विनंती. घरात मुलीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत आणि पलीकडच्या मंडळींना अजून काही सांगितलेले नाही. नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे. कोणा रुग्णाने चौकशी केली, तर मला विचारून त्याला तो जरूर द्यावा.

आपला,
एक वाचक, डिचोली