पत्ता मीच लिहिलाय

सोलापूर,
22 जानेवारी

चि. मुक्तास अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू रडतेस आणि मी ओरडतो, म्हणून लिहायला बसलोय. चौतीस वर्षं लोकांची पत्रं वाटली, पण स्वतः लिहिलेली बोटांवर मोजण्याइतकी. अक्षर बघून घाबरू नकोस. थंडी आहे आणि पेन नवं आहे.

फलाटावर बोललो ते बोलायला नको होतं. ‘तुझी प्रोटीनं तुझ्या बाटल्यांत ठेव, माझ्या हातात शोधू नकोस.’ शेजारचा हमालसुद्धा वळून बघत होता. गाडी हलली तरी तू खिडकीतून माझ्या उजव्या हाताकडेच बघत होतीस, मग मी तो स्वेटरच्या खिशात घातला. खरं सांगायचं तर तुझ्याआधी मला ते सिद्धेश्वरांच्या यात्रेत, संमती कट्ट्यावरच कळलं होतं. ‘सत्यम् सत्यम् दिड्डम् दिड्डम्’ झालं, सगळ्यांनी अक्षता उधळल्या, आणि माझ्या मुठीतून त्या अंगठ्याच्या बाजूनं आधीच गळून गेल्या होत्या. मोकळीच मूठ उधळली. आईला वाटलं, गर्दीत धक्का लागला.

तर, मी डॉक्टरांकडे जाऊन आलो. तुझं ऐकलं, हे पुढे कधी भांडण झालं तर लक्षात ठेव. त्यांनी अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला खड्डा दाबून पाहिला, दंडावर हातोडी मारली. मानेतली नस दबली असेल तरी असं होतं म्हणाले. इतकी वर्षं टपालाची पिशवी त्याच खांद्यावर होती, तेव्हा ते पटण्यासारखं आहे. मंगळवारी सुया टोचून स्नायूंची तपासणी, म्हणजे ईएमजी. मानेचा एमआरआय त्यानंतर. तोवर कुणी काही ठरवायचं नाही. तू तर नाहीच. आणि तिथं स्वतःचं रक्तबिक्त तपासायला देऊ नकोस. हे लिहिणार नव्हतो, लिहून गेलं.

जेवतेस का वेळेवर? शेंगाचटणी संपली की सांग, आई परत कुटणार आहे. रात्री दोनपर्यंत त्या सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसायचं आणि सकाळी चहावर दिवस काढायचा, याला अभ्यास म्हणत नाहीत. आमच्यात एक होता, सायकल पुसायला वेळ नाही म्हणायचा, शेवटी साखळी तुटून ऐन मोहरमच्या गर्दीत पडला. शरीर हीसुद्धा सायकलच, तिला तेलपाणी लागतं, वेळच्या वेळी. बघ, लागलो भाषण द्यायला. राहू दे. कोण कुणाला सांगतंय! सहा महिने अंगठा ऐकत नव्हता तरी मी कुणाला बोललो नाही.

दिवाळीतली गोष्ट सारखी आठवते. मी शिडीवर आकाशकंदील बांधत होतो, तू खालून वायर धरली होतीस, आणि मी विचारलं की तू नेमकं करतेस तरी काय. तू म्हणालीस, पेशीत आरएनएच्या चिठ्ठ्या निघतात, अक्षरं चारच, ए, यू, जी आणि सी. कोणती चिठ्ठी कुठं कापायची, कुठं पोचवायची, कोणती फाडून टाकायची हे बघणारी प्रोटीनं माणसात दीड हजाराच्या घरात. म्हटलं, म्हणजे आमच्याच खात्यातली! तेव्हापासून मला ते जे समजायला लागलं ते थांबेचना.

त्यांचे हात वेगवेगळे. सगळ्यात जास्त दिसणारा आरआरएम. नव्वदेक मण्यांची, म्हणजे अमिनो आम्लांची माळ, घडी पडली की चार पट्ट्यांची चटई, तिच्या पाठीला दोन मळसूत्रं. चटईवर चपट्या कड्या असलेले मणी ठरलेल्या जागी बसलेले, आणि चिठ्ठीची अक्षरंही चपटीच, ती त्या कड्यांवर पापडावर पापड ठेवावा तशी बसतात. एका हातात साधारण चार अक्षरं मावतात. त्या रात्री मी डायरीच्या मागच्या पानावर गुणाकार केला. चारचा चारदा, 256. म्हणजे कुठलाही चार अक्षरांचा शब्द नुसत्या योगायोगानंही दर अडीचशे अक्षरांमागे एकदा भेटायचा. मग त्या बिचाऱ्याला आपली चिठ्ठी कळते कशी? सकाळी विचारलं तर तू दात घासता घासता म्हणालीस, ‘आप्पा, मी त्याच्यावरच पीएचडी करतेय की.’ मी दिवसभर पेठेत ताठ मानेनं फिरलो. मान तेव्हा दुखत नव्हती.

उत्तर मला माझ्या बीटात सापडलं. ‘मारुती मंदिराजवळ’ एवढ्या पत्त्यावर सोलापुरात पत्र कुठं पोचणार? मारुती गल्लोगल्ली आहे. पण ‘मारुती मंदिराजवळ, साखर पेठ, खाली सायकलवाला’ म्हटलं की दारच आलं. एकेक खूण कच्ची, तिन्ही मिळून पक्की. तूही तेच म्हणालीस. एका हाताची पकड ढिली असते, पण एकाच प्रोटीनला असे दोन-तीन हात आणि मधली दोरी बेताची असली की ते भलतीकडे चिकटत नाही. दुपदरी आरएनए धरणारा हात तर अक्षरांच्या फारसा भानगडीत पडत नाही, पिळाचा आकार चाचपतो. ते ऐकून मला पूर्व भागातली माझी दोन वर्षं आठवली. तेलुगू मला ओ की ठो येत नाही. तरी कार्डावरची ती गोल गोल ओळ कशी वळते त्यावरून मी घर सांगायचो. आणि तुझा तो प्युमिलिओ! आठ बोटं, एकेका बोटाला एकेक अक्षर. तो माझा सगळ्यात लाडका, कारण तो पिनकोड वाचतो. 15 ऑगस्ट 1972 ला पिनकोड आला. पहिल्या तीन आकड्यांत जिल्हा, पुढच्या तिनात वाटप करणारं ऑफिस. नुसतं 413 दिसलं की थैली आपली.

आणि शेवटी तू टीडीपी-43 सांगितलंस. त्याला दोन आरआरएम, शेजारी शेजारी. यू-जी, यू-जी अशी अक्षरं लागोपाठ आली की ते जाऊन बसतं. त्याची जागा पेशीच्या केंद्रकात, तिथं चिठ्ठीत भलता मजकूर शिवला जाऊ नये हे ते बघतं. एका आजारात मात्र ते केंद्रक सोडतं आणि बाहेर त्याचे गोळे होतात. ते गोळे याच प्रोटीनचे आहेत हे 2006 साली कळलं. आत राखण करायला कुणी उरत नाही, मग स्टॅथमिन-2 सारख्या चिठ्ठीत नको तो तुकडा घुसतो आणि मज्जापेशीला लागणारं ते प्रोटीन नीट बनतच नाही. मी काय म्हणालो होतो आठवतं? ‘पोस्टमन ऑफिस सोडून रस्त्यावर ढीग करून झोपले म्हण की!’ दोघंही किती हसलो. आई आतून विचारत होती, काय झालं.

त्या आजाराचं नाव तू तेव्हा घेतलं होतंस, चाकांच्या खुर्चीतल्या त्या शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचं उदाहरणही दिलं होतंस. फलाटावर घेतलं नाहीस. मी समजलो.

आता ज्याच्यासाठी हे पत्र आहे ते लिहितो. चार पानं उगाच भरली.

तू विचारलंस, आजोबांना, म्हणजे आमच्या अण्णांना, काय झालं होतं. मी म्हटलं, म्हातारपण. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला? मी नाही म्हटलं. अण्णा गेले तेव्हा एकोणसाठ वर्षांचे होते. गिरणीत तुटलेल्या धाग्याला गाठ मारायला त्यांच्यासारखा हात नव्हता, डोळे मिटून मारायचे. आधी ती गाठ सुटली. मग तांब्या. मग एके दिवशी सदऱ्याची गुंडी लावताना ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, ते मी दारातून पाहिलं आणि तसाच मागे फिरलो. शेवटी बोलणं घशातल्या घशात राहायचं, बाई ज्वारीच्या कण्या भरवायची. लोक म्हणाले, गिरणीत राबून झालं, अंगावरून वारं गेलं. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख. माझ्या नोकरीचा कागद आला तो त्यांनी नुसत्या डोळ्यांनी वाचून घेतला, मी पुढे धरला होता.

दहातल्या नऊ जणांत हे घराण्यातून येत नाही, असं तूच सांगितलं होतंस. मी त्या नवांत बसायला बघत होतो, म्हणून अण्णांना गाळलं. माझं मला काही वाटत नाही, खोटं बोलत नाही. पण मी त्या एकात निघालो तर पुढचं नाव तुझं आणि संतोषचं येतं. रात्री उठून मी तुझ्या दहावीच्या फोटोतले हात बघतो. वेडेपणा आहे. तू म्हणशील, आप्पा, फोटोत प्रोटीन दिसत नाही.

मंगळवारी डॉक्टरांना अण्णांचं सगळं सांगणार आहे. तुला आधी सांगितलं. रक्त द्यायचं की नाही ते तू ठरव, तू माझ्यापेक्षा शहाणी आहेस, मी अडवणार नाही. पण इतक्यात देऊ नकोस. निदान माझा निकाल येईपर्यंत थांब. आणि दिलंस तर मला न सांगता देऊ नकोस. बघ, पुन्हा तेच.

संतोषला यातलं काही बोलू नकोस, त्याचं मार्चमध्ये लग्न आहे.

आई म्हणाली, पाकिटावरचा पत्ता मी लिहिते. नाही दिलं. दोन पाकिटं वाया गेली, तिसऱ्यावर जमलं. फक्त 500007 मधला शेवटचा 7 जरा 1 सारखा झालाय. कुणी 1 वाचला तर पत्र आधी हैदराबादच्या जीपीओत जाईल. जाऊ दे. खाली उप्पल रोड लिहिलंय, हबसीगुडा लिहिलंय, तुझं नाव आहे. तिथल्या सॉर्टरला कळेल. एखादा दिवस उशीर होईल इतकंच.

साडेचारला पेटी उघडतात. आत्ताच टाकून येतो.

तुझा,
आप्पा