दुसऱ्या प्रतीवरची सही

पुणे,
रविवार सकाळ

प्रिय बापू,

पार्सल गुरुवारी मिळालं. विम्याचं पुस्तक तू एका बैठकीत संपवणार हे मला ठाऊक होतं. तीस वर्षं क्लेम डिपार्टमेंटला काढलेल्या माणसाच्या हातून ते खाली ठेवलंच जाणार नाही. टेक्सासचं मात्र साठ-सत्तर पानांवर मिटलंस आणि आत चिठ्ठी घातलीस, ‘यात एक धड माणूस नाही. असलं कशाला वाचतोस?’

तीन दिवस ती चिठ्ठी टेबलावर आहे. फोनवर दोन वाक्यांत काहीतरी सांगून टाकलं असतं, पण ते खरं उत्तर झालं नसतं. म्हणून लिहायला बसलोय. पत्र लांबणार आहे, आणि शेवटी शेवटी त्यात पुस्तकांपलीकडचं काही येणार आहे. निवांत असशील तेव्हाच वाच.

तुझ्या आवडीच्या पुस्तकापासून सुरुवात करतो. जेम्स केननं ‘डबल इन्डेम्निटी’ १९३६ साली ‘लिबर्टी’ नावाच्या साप्ताहिकात क्रमशः लिहिली. तुमच्याकडे ज्याला ‘डबल अॅक्सिडेंट बेनिफिट’ म्हणतात, तेच हे. अपघाती मृत्यू झाला तर रक्कम दुप्पट. केन त्याआधी न्यूयॉर्कमध्ये वर्तमानपत्रात होता आणि तिथे १९२७ साली एक खटला गाजत होता. रूथ स्नायडर नावाच्या बाईनं नवऱ्याला नीट कळू न देता त्याच्या नावावर मोठी पॉलिसी उतरवली, दुप्पट रकमेच्या कलमासकट. मग जड ग्रे या प्रियकराच्या मदतीनं नवऱ्याला मारलं आणि घरात दरोडा पडल्याचा देखावा केला. तो देखावा पोलिसांपुढे एक दिवससुद्धा टिकला नाही. जानेवारी १९२८ मध्ये दोघांना सिंग सिंग तुरुंगात विजेच्या खुर्चीवर बसवलं. एका छायाचित्रकारानं घोट्याला कॅमेरा बांधून आत नेला आणि दुसऱ्या दिवशी त्या बाईचा मरतानाचा फोटो ‘डेली न्यूज’च्या पहिल्या पानावर आला. हजारो लोकांनी तो अंक विकत घेतला. सगळे तिच्याकडे बाहेरून बघत होते.

केननं काय केलं, तर त्यानं वाचकाला बाहेर राहूच दिलं नाही. त्याची गोष्ट विमा एजंट वॉल्टर हफ स्वतः सांगतो, ‘मी’ म्हणून. एका गिऱ्हाइकाच्या बायकोशी संगनमत करून तिच्या नवऱ्याला मारणारा हा माणूस. धंद्याविषयी तो काय म्हणतो, आठवतं? विमा म्हणजे जगातलं सगळ्यात मोठं जुगाराचं चक्र. तुम्ही पैज लावता की तुमचं घर जळेल, कंपनी पैज लावते की जळणार नाही. आणि पंधरा वर्षं ते चक्र फिरवत उभ्या असलेल्या माणसाला एक दिवस वाटायला लागतं की त्याला नेमका कुठे धक्का द्यायचा ते आपल्यालाच माहीत आहे. पैसा आणि बाई ही कारणं आहेतच, पण मला हे तिसरं कारण जास्त खरं वाटतं. आपल्याला कामातल्या फटी दिसतात, याची गुर्मी. तुलाही तुझ्या कामातल्या फटी दिसत असणार. तू कधी त्यात बोट घातलं नाहीस, ही वेगळी गोष्ट.

आणि मग तो रेल्वेचा प्रसंग. नवऱ्याचा खून झालेला आहे, प्रेत मोटारीत आहे आणि हफ त्याचं सोंग घेऊन कुबड्यांवर ट्रेनमध्ये चढलाय. त्याला मागच्या उघड्या प्लॅटफॉर्मवरून खाली उतरायचंय, पण तिथे एक भला प्रवासी गप्पा मारत बसलाय. हलतच नाही. आता प्रामाणिकपणे सांग, बापू, तो माणूस उठून जावा असं तुला वाटलं की नाही? मला वाटलं. जीव टांगणीला लागला माझा. एका खुन्याचं काम बिनबोभाट पार पडावं म्हणून मी पुण्यात खुर्चीवर बसून श्वास रोखून धरला होता.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या क्षणात आहे असं मला वाटतं.

लहानपणी आपण वाचनालयातून बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं आणायचो. झुंजार, काळापहाड. तू आधी की मी आधी यावरून मारामाऱ्या व्हायच्या. त्या पुस्तकांनी मला वाचायला शिकवलं, त्यांचं ऋण मी विसरणार नाही. तिथे आपण कायम नायकाच्या पाठीमागे उभे असायचो. गुन्हेगार समोर, आपण अलीकडे, मध्ये स्वच्छ रेघ. केन ती रेघ पुसतो. हफ वाईट आहे हे तो लपवत नाही, पण आपल्याला त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसवतो, आणि तिथे एकदा बसलं की उठावंसं वाटत नाही.

गुन्हेगारीच्या निबर, रोखठोक गोष्टी लिहिणाऱ्या ज्या अमेरिकन लेखकांना ‘हार्डबॉइल्ड’ म्हणतात त्या सगळ्यांनीच हे केलं असं नाही. सुरुवात वेगळी होती. डॅशिएल हॅमेट स्वतः पिंकर्टन या खाजगी हेरसंस्थेत नोकरी केलेला माणूस. क्षयानं खंगल्यावर लिहायला लागला, तेही स्वस्त खरखरीत कागदावर छापल्या जाणाऱ्या ‘ब्लॅक मास्क’ मासिकात. मालकांनी संप मोडायला पिंकर्टनची माणसं भाड्यानं आणायची, हा त्या काळचा अमेरिकेतला रिवाज होता. मोंटाना राज्यात ब्यूट नावाचं तांब्याच्या खाणींचं गाव आहे. १९१७ साली फ्रँक लिटल हा कामगार पुढारी तिथे आला असता त्याला रात्री खोलीतून उचलून रेल्वेच्या पुलावर फाशी दिलं. कोणालाही शिक्षा झाली नाही. हॅमेटची ‘रेड हार्वेस्ट’ १९२९ सालची. तिच्यातल्या गावाचं नाव पर्सनव्हिल, पण लोक त्याला ‘पॉयझनव्हिल’ म्हणतात. खाणमालकानं संप चिरडायला गुंड आणले, संप चिरडला गेला आणि गुंड परत गेलेच नाहीत, गावच खाऊन बसले. या एका ओळीत मला कितीतरी गावांचा इतिहास दिसतो.

तिथला हेर बिननावाचा, जाडसर, चाळिशीचा. तो गुंडांना एकमेकांवर सोडतो. प्रेतं पडत जातात. मध्येच तो एका बाईपाशी कबूल करतो की आता मला याची चटक लागत चालली आहे, या गावाचा ताप मला चढतोय. त्याच रात्री तो अफूच्या अर्कानं बेशुद्ध होतो. सकाळी जागा होतो तेव्हा ती बाई मेलेली असते आणि तिच्या छातीत घुसलेल्या बर्फ फोडायच्या टोच्याची मूठ याच्या हातात असते. हे आपण केलं का, हे त्यालाच ठाऊक नसतं. पुढे उलगडा होतो. पण मधल्या पानांवर तो स्वतःला निर्दोष धरत नाही, आणि त्यासाठी मला तो आवडतो.

याच जातीची म्हणून खपलेली काही पुस्तकं मला मात्र सहन होत नाहीत. मिकी स्पिलेनची १९४७ पासूनची. त्यांत नायक गोळ्या घालत सुटतो आणि पुस्तक त्याची पाठ थोपटत राहतं. वाचकाला तिथे काहीच बोचत नाही. ‘असलं कशाला वाचतोस’ हा प्रश्न तू ते पुस्तक हातात धरून विचारला असतास, तर मी गप्प बसलो असतो.

आता तू मिटलेलं पुस्तक. जिम थॉम्पसनची ‘द किलर इनसाइड मी’, १९५२. याचे वडील ओक्लाहोमात शेरीफ होते आणि हिशेबातल्या अफरातफरीचा आरोप आल्यावर परागंदा झाले. मुलगा दारूबंदीच्या काळात फोर्ट वर्थच्या हॉटेलात रात्रपाळीचा बेलबॉय होता, गिऱ्हाइकांना चोरून दारू पुरवायचा. पुढे स्वतःही आयुष्यभर पीत राहिला. १९७७ साली गेला तेव्हा अमेरिकेत त्याचं एकही पुस्तक छापात नव्हतं. पण पॅरिसमध्ये ‘सेरी न्वार’ या मालेतून फ्रेंच वाचक त्याला वाचत होते. त्याच्याच एका कादंबरीतला शेरीफ उचलून तावर्निए या फ्रेंच दिग्दर्शकानं १९८१ साली फ्रेंच आफ्रिकेत नेऊन ठेवला आणि सिनेमा केला. मायदेशात पुस्तकं परत आली ती त्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी.

तू मिटलेल्या पुस्तकातला लू फोर्ड म्हणजे टेक्सासमधल्या छोट्या गावातला डेप्युटी शेरीफ. गोड बोलणारा, जरा मंद वाटणारा, सगळ्यांच्या उपयोगी पडणारा. तू मिटलंस ते बाईला मारहाण होते त्या पानांमुळे, हे मी समजू शकतो. मीही तिथे पुस्तक दोन दिवस उलटं ठेवलं होतं. या सगळ्या लेखकांच्या पुस्तकांत बायकांच्या वाट्याला जे येतं त्याचं समर्थन मी करणार नाही. बऱ्याचदा बाई म्हणजे एक तर सापळा नाही तर प्रेत, आणि ते लेखकाचं उणेपण आहे.

पण त्याही आधीचं एक बघ. लू फोर्डचं पहिलं हत्यार मूठ नाही, सुविचार आहेत. तो समोरच्याला अडवून धरतो आणि गुळमुळीत, घासलेली वाक्यं ऐकवत बसतो. जसं पेराल तसं उगवतं, देव सगळं बघतो, ह्या थाटाची. समोरचा सभ्यपणानं ऐकत राहतो, त्याला जाता येत नाही, आणि फोर्ड आतून त्याची तडफड चाखत असतो. आजवर कुठल्या लेखकानं चांगुलपणाच्या भाषेचा इतका नेमका उपयोग पकडलेला मी पाहिला नाही. शिवीगाळ करणारा माणूस लांबून ओळखू येतो. हा येत नाही.

मी असा एक माणूस जवळून पाहिलाय, बापू. तूही पाहिलायस.

आपल्या गावच्या पतसंस्थेत मी अकाउंटंट होतो तेव्हाचे मॅनेजर. नाव लिहीत नाही, तुला कळलंच असेल. दर गुरुवारी पेढे वाटायचे, म्हाताऱ्या ठेवीदारांना हात धरून पायऱ्या चढवायचे, प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘सचोटी’. पुढे ते प्रकरण बाहेर आलं, लेखापरीक्षक बसले, ठेवीदारांच्या नावावर त्यांना न सांगता काढलेली ठेवतारण कर्जं सापडली. ताईंच्या मुदत ठेवीवरही एक निघालं. तिची निम्मी रक्कम अजून मिळालेली नाही. सहायक निबंधकांपुढे मी साक्ष दिली, आणि ‘तू होतास म्हणून खरं बाहेर आलं’ असं तूच म्हणालास.

जे तुला सांगितलं नाही ते असं. ताईंच्या कर्जाच्या अर्जावरची सही नमुना सहीच्या कार्डाशी पडताळण्याचं काम माझं होतं. मी कार्ड काढलं होतं. सही जुळत नव्हती. ताईंचा ‘श’ मला शाळेपासून माहीत आहे. मॅनेजर म्हणाले, ‘वय झालं त्यांचं, हात थरथरतो. ही दुसरी प्रत आहे, मूळ माझ्याकडे आहे.’ मी मूळ मागितलं नाही. अर्जावर ‘सही पडताळली’ असा शिक्का मारला आणि खाली माझी सही केली. पैसा मी घेतला नाही. पण पुढच्या महिन्यात माझी वेतनवाढ होती आणि ती तेव्हा माझ्या डोक्यात होती. साक्षीत हे सगळं ‘नजरचुकीने’ या एका शब्दात बसवलं, आणि तो शब्द कोणी उलटून तपासला नाही.

विम्याच्या पुस्तकात हफ नवऱ्याची सही कशी मिळवतो ते तुझ्या लक्षात असेलच. दुसरी प्रत म्हणून. ते पान पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मी झोपलो नाही. आणि मग फोर्डचं पुस्तक हातात आलं. इतका समजूतदार, इतका गोड ‘मी’, सगळं सांगतोय असं वाटावं आणि नेमकं तेवढं वगळणारा. तो आवाज मला परका वाटला नाही. वीस वर्षं मी स्वतःशी त्याच आवाजात बोलत आलोय. धड माणसांच्या पुस्तकांत मला तो कधी ऐकू आला नव्हता.

पुस्तक परत पाठवतोय. जिथे मिटलं होतंस तिथे तुझीच चिठ्ठी ठेवली आहे. वाचलं नाहीस तरी चालेल.

पुढच्या शनिवारी सकाळच्या एसटीनं येतोय. ताईंना भेटायचंय, हे सगळं तिला माझ्या तोंडून कळायला हवं. तिची अडकलेली रक्कम किती आहे ते काढून ठेवलंय, माझ्या निवृत्तीच्या पैशांतून ती देता येते. तिनं घेतली तर. तू बरोबर यावंस असं फार वाटतं. यावंसं वाटलं नाही तर तसं सांग, मी स्टँडवरून सरळ तिच्याकडे जाईन.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
नाना